प्रोसेस मॅप काढायचाय? आधी डब्याच्या मागे चाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: भोसरीत टर्न्ड पार्ट्सचं (लेथवर कातलेल्या सुट्या भागांचं) मशीन शॉप, माल बाहेर पडायला पंधरा-सोळा दिवस लागतात, कस्टमर रोज फोन करून डोकं खातोय, मालकांनी सांगितलंय की आठ दिवसांत प्रोसेस मॅप, म्हणजे माल कसकसा फिरतो त्याचं चित्र, करून दाखव आणि काय सुधारता येईल ते सांग, ऑडिटच्या फाईलमध्ये प्रोसेस फ्लो डायग्राम ऑलरेडी आहे, आणि तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, बहुतेक सगळं पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या लहान व्हेंडर्सकडे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सॉफ्टवेअरचा विषय आधी संपवू. पहिले आठ दिवस कुठलंच नको. ब्राऊन पेपरचा एक रोल, पेन्सिल, खोडरबर, स्टिकी नोट्स आणि मोबाईल एवढं बास झालं. नंतर कुणाला मेलवर पाठवायचं असेल तर ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, एक्सेलमध्ये शेप्स टाकूनही भागतं, कंपनीत व्हिझिओ असेल तर ते वापरा, काही फरक पडत नाही. स्टिकी नोट गठ्ठ्यातून काढताना खालून वर ओढू नका, बाजूनं सोलल्यासारखी काढा, मग ती वाकत नाही आणि भिंतीवर टिकते. शॉपमध्ये पंखे आणि तेलाचे हात, दोन्हीमुळे अर्ध्या नोट्स संध्याकाळपर्यंत खाली असतात, म्हणून वर मास्किंग टेपचा तुकडा लावायचाच.

सॉफ्टवेअरबद्दल एवढा का बोलतोय, कारण ही चूक मी स्वतः केलीये. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी चार फूट लांब मॅप काढला होता, रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, कॉन्फरन्स रूममध्ये लावला, मोठे साहेब खूश. दोन दिवसांनी लाईनवरचे एक सीनिअर ऑपरेटर कसल्याशा सहीसाठी आत आले, बराच वेळ त्या कागदापुढे उभे राहिले आणि मला विचारलं, ‘साहेब, हे आपल्याच कंपनीचं आहे का?’ टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते, आणि म्हणूनच जास्त लागलं. झालं काय होतं, तर मी ऑफिसात बसून सुपरवायझर लोकांना एकेक करून विचारलं होतं आणि त्यांनी मला काम कसं व्हायला पाहिजे ते सांगितलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. माणसाला विचारलं की तो नियम सांगतो हो, रोज काय करतो ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतं.

आता तुमच्या फाईलमधली ती पीएफडी, म्हणजे प्रोसेस फ्लो डायग्राम. ती फेकू नका, पण तिच्या भरवशावरही राहू नका. ती पीपॅपसाठी (कस्टमरकडून पार्टची मंजुरी घेण्यासाठी) बनलेली असते, ऑपरेशन १०, २०, ३०, ४०, त्याच नंबरांवर पुढे एफएमईए आणि कंट्रोल प्लॅन चालतो. कुठल्या ऑपरेशनला काय बिघडू शकतं (एफएमईए) आणि ते कसं पकडायचं (कंट्रोल प्लॅन) ह्याला आधार देणं एवढंच तिचं काम, आणि ते ती बरं करते. पण तिच्यात वेळ नसतो, ढीग नसतो. ऑपरेशन ३० आणि ४० च्या मध्ये एक बोटभर बाण असतो आणि प्रत्यक्षात शॉपमध्ये त्या बोटभर बाणावर माल तीन दिवस बसलेला असतो. तुमचे सोळा दिवस चौकोनांत सापडणार नाहीत, ते सगळे बाणांवर आहेत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मालकांना काय दाखवायचं ते आपोआप कळतं, त्यामुळे पुढचं सगळं ह्या बाणांबद्दलच आहे.

एक पार्ट निवडा, एकच. जो सगळ्यात जास्त जातो आणि ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त बोंब आहे तो. सगळ्या पार्ट्सचा मॅप काढायला गेलात तर आठ दिवसांत हातात नुसतं कोळ्याचं जाळं येईल. मग डिस्पॅचपासून सुरू करा आणि उलटं चाला, पॅकिंग, फायनल इन्स्पेक्शन, बाहेरून प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, होऊन आलेला माल, प्लेटिंगला जायचा माल, डीबरिंग (कडांचे काटे काढणं), व्हीएमसी (ड्रिलिंग-मिलिंगचं मशीन), सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ), शेवटी बार स्टॉक (कच्च्या सळया). सुरुवातीपासून चाललात की सोबतचा माणूस तुम्हाला गाईडसारखा प्रोसेस समजावून सांगत बसतो, आणि उलटं चाललात की प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न उरतो, हे इथे कुठून आलं आणि कधी आलं. स्टोअरमधले जे जुने मामा असतात ना, त्यांना सोबत घ्या, मॅनेजरला नको. समोर पार्ट्सचा एखादा डबा असला की माझा संवाद साधारण असा असतो:

‘मामा, हा डबा इथे कधीपासून आहे?’
‘परवापासून असंल. टॅग बघा की.’
‘टॅगवर तारीख सोमवारची आहे.’
‘मग सोमवारपासून. रिपोर्ट आला नाही म्हणून ठिवलाय.’
‘कसला रिपोर्ट?’
‘त्ये मला काय माहीत, क्वालिटीवाले म्हणले हात लावू नका.’

ह्या सहा ओळींत जे मिळतं ते तुम्हाला मीटिंगमध्ये कुणी सांगणार नाही. हा रिपोर्टचा किस्सा खाली पूर्ण सांगतो.

आणखी एक गोष्ट, स्टॉपवॉच खिशातच ठेवा. माणसाच्या डोक्याशी घड्याळ घेऊन उभं राहिलात की तो एकतर घाबरून हळू चालवतो, नाहीतर शायनिंग मारायला फास्ट, आणि युनियन असेल तर दुपारपर्यंत तुम्हाला बोलावणं येतं. आपल्याला माणसाचं टायमिंग नकोच आहे, डब्याचं हवंय. मी सरळ सांगतो, ‘तुमच्याकडे बघत नाही हो, मी ह्या डब्याच्या मागे आहे.’ लोक हसतात, पण त्यानंतर मोकळं बोलतात.

खुणांचं म्हणाल तर डिप्लोमाला वर्क स्टडीत पाच मार्कांना यायच्या त्याच पुरतात. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे हलवणं, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी म्हणजे थांबणं आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठा. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ ह्या नवरा-बायकोनं १९२१ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे हे प्रोसेस चार्ट मांडले, आणि ह्या पाच खुणांचं स्टँडर्ड त्याच संस्थेनं १९४७ मध्ये काढलं. हा फ्रँक स्वतः आधी गवंडीकाम शिकलेला, एक वीट लावायला जिथे १८ हालचाली व्हायच्या तिथे त्यानं त्या पाचेकवर आणल्या, आणि त्यातली मोठी युक्ती काय तर विटांचा ढीग जमिनीवर न ठेवता हाताच्या उंचीवर ठेवायचा म्हणजे गवंड्याला दर विटेला वाकावं लागत नाही. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही डबे जमिनीवरच ठेवतात आणि ऑपरेटर दिवसभर वाकतो, असो. तुम्ही कागदावर ह्या खुणा काढा, आणि पाचपैकी डी आणि त्रिकोण लाल पेननं काढा. दुसरं काही नाही केलंत तरी चालेल.

आता खरा हिशोब. चार वर्षांपूर्वी मी अगदी तुमच्यासारखंच एक शॉप केलं, नाव नको. एक टर्न्ड पिन होती, बार सीएनसीवर टर्निंग, मग व्हीएमसीवर ड्रिलिंग आणि फ्लॅट, हातानं डीबरिंग, बाहेर झिंक प्लेटिंग, परत आल्यावर इन्स्पेक्शन, पॅकिंग. रोजची गरज ४०० नग. सीएनसी ९५ सेकंद, व्हीएमसी ७०, डीबरिंग २०, इन्स्पेक्शन १५, पॅकिंग ५. टोटल २०५ सेकंद म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आतच. त्यात प्लेटिंगच्या टाक्यांमधले दोन-एक तास मिळवा. आणि पिन बाहेर पडायला लागायचे १६ दिवस.

हे १६ दिवस मोजायला आम्ही सोळा दिवस थांबलो नाही. एका सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी आणि मामा वही घेऊन फिरलो आणि प्रत्येक त्रिकोणावर किती नग पडलेत ते मोजले. सीएनसीनंतर १४५०, व्हीएमसीनंतर ९००, डीबर होऊन प्लेटिंगच्या गाडीची वाट बघणारे ११००, प्लेटरकडे १६००, प्लेटिंगहून येऊन इन्स्पेक्शनला थांबलेले १०५०, आणि तयार माल ३००. बेरीज ६४००. भागिले रोजचे ४००, उत्तर १६ दिवस. ह्याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल ह्यांनी १९६१ साली त्याची गणिती सिद्धता दिली, पण आपल्याला एवढंच पुरे की वाटेत पडलेले नग भागिले रोज जाणारे नग म्हणजे लागणारे दिवस. घड्याळाशिवाय, दीड तासात, कुणालाही न दुखावता. मालकांना हा हिशोब दाखवला तेव्हा ते पहिलं वाक्य काय बोलले असतील, ‘पण आमची मशीनं तर कधीच उभी नसतात!’ अहो, म्हणूनच तर.

सीएनसीनंतरचे १४५० का, तर लॉट (एका सेटिंगवर बनवायचे नग) १२०० चा आणि रूट कार्ड, म्हणजे मालासोबत फिरणारं सह्यांचं कार्ड, लॉटला एकच. अख्खे १२०० झाल्याशिवाय कार्डावर सही नाही आणि सही नाही म्हणून व्हीएमसीवाला हात लावत नाही. पहिली पिन तयार होऊन तीन-तीन दिवस बाराशेव्या पिनेची वाट बघतेय. इलाज फुकटचा होता, २०० चा डबा आणि प्रत्येक डब्याला स्वतःचा टॅग, डबा भरला की पुढे. लॉट १२०० चाच राहिला, कारण सेटिंग बदलायला दोन तास जायचे आणि ते लगेच कमी होणार नव्हतं. लोक इथे गडबड करतात, बनवायचा लॉट आणि हलवायचा लॉट एकच असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाहीये.

प्लेटिंगचा भाग मात्र मजेशीर निघाला. भोसरीत ह्यांची सुट्टी गुरुवारी, प्लेटर दुसऱ्या भागातला, त्याची सुट्टी रविवारी. टेम्पो आठवड्यातून दोनदा जायचा, बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी. म्हणजे शनिवारी गेलेला माल रविवारी प्लेटरच्या बंद गेटमागे पडून, आणि बुधवारी गेलेला माल गुरुवारी तयार झाला तरी आणायला गाडी नाही कारण गुरुवारी हे बंद. परत आणायची गाडी म्हणजे पुढच्या फेरीची तीच गाडी, ती शनिवारी संध्याकाळी जाणार, माल उतरवून भरून येईपर्यंत रात्र, आणि उतरवायला माणूस मिळणार रविवारी सकाळी. हे सगळं कुणाला माहीत नव्हतं असं नाही, प्रत्येकाला आपापला तुकडा माहीत होता. ड्रायव्हरला गाडीचे वार माहीत, प्लेटरला त्याची सुट्टी माहीत, स्टोअरला ढीग माहीत. आम्ही ब्राऊन पेपरच्या खाली आठवड्याचे सात वार आखले आणि प्रत्येक वाराखाली माल कुठे आहे ते लिहिलं, ड्रायव्हर तिथेच उभा होता, तोच म्हणाला, ‘साहेब, मग सोमवारी सकाळी न्यायला काय हरकत आहे?’ शेवटी ठरलं की मोठ्या टेम्पोच्या दोन फेऱ्यांऐवजी छोटा हत्ती आठवड्यातले पाच दिवस, रोज सकाळी, नेताना कच्चा, आणताना पक्का. भाडं वाढणार म्हणून मालक अडले. मग लक्षात आलं की शेजारच्या गाळ्यातल्या शॉपचा मालही त्याच प्लेटरकडे जातो, गाडी अर्धी-अर्धी केली आणि तो प्रश्न मिटला.

ह्यातून एक फायदा असा झाला जो आमच्या डोक्यातही नव्हता. पावसाळ्यात डीबर झालेला उघडा माल तीन दिवस पडला की गंज धरतो, मग त्याला तेल मारा, मग प्लेटर ओरडतो की तेलकट माल पाठवला, साफ करायला जास्त वेळ, कधी कधी डाग राहिले म्हणून परत. जुलैत हे दरवर्षीचं रडगाणं होतं आणि त्यासाठी गंजरोधक तेल बदलून बघ, पिशव्या बदलून बघ असं काय काय चाललं होतं. माल थांबेनासा झाला आणि गंजही थांबला.

आता तो रिपोर्ट. प्लेटिंगहून आलेले १०५० नग इन्स्पेक्शनच्या दारात अडीच दिवस का थांबतात? इन्स्पेक्टर रिकामा होता, मी दोन दिवस बघितलं, तो चक्क गेज (मापं तपासायची साधनं) पुसत बसलेला. कारण असं की प्लेटरचा कोटिंग जाडीचा रिपोर्ट आल्याशिवाय लॉट उघडायचा नाही असा नियम, नियम बरोबरच आहे. पण तो रिपोर्ट प्लेटर पाठवायचा परचेसच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर, कारण पाच वर्षांपूर्वी त्यांच्यात बोलणं सुरू झालं तेव्हा नंबर त्याचा दिलेला. हा माणूस दिवसभर व्हेंडरांच्या मागे बाहेर, ऑफिसात आला की प्रिंट काढायचा, ट्रेमध्ये ठेवायचा, आणि क्वालिटीतलं कुणीतरी दिवसातून एकदा ट्रे बघायचं. अडीच दिवस ह्यात गेले! मालाच्या रेषेवर हे दिसतच नाही. म्हणून मॅपवर मालाची रेषा खाली आणि माहितीची रेषा वर, वेगळ्या रंगात, तुटक, अशी काढायची. टोयोटावाले त्यांच्या चित्राला मटेरियल आणि इन्फर्मेशन फ्लो म्हणतात ते उगाच नाही, आपण व्हॅल्यू स्ट्रीम मॅप म्हणून शिकतो आणि माहितीचा अर्धा भाग विसरून जातो. इलाज काय, प्लेटर, स्टोअर, क्वालिटी असा एक ग्रुप, रिपोर्टचा फोटो गाडी निघायच्या आधी तिथे. खर्च शून्य रुपये.

तुमच्याकडे हाच रिपोर्ट असेल असं नाही, पण कुठलातरी कागद, सही किंवा फोन असाच अडकलेला असणार. पैजेवर सांगतो.

दोन महिन्यांनी परत मोजलं तेव्हा सीएनसीनंतर ७००, व्हीएमसीनंतर ४५०, गाडीच्या वाटेवर ५००, प्लेटरकडे १०००, इन्स्पेक्शनला ४५० आणि तयार माल ५००, मिळून ३६००, म्हणजे ९ दिवस. तयार माल ३०० वरून ५०० केला तो मुद्दाम, चुकून नाही. कस्टमरची गाडी कधीही येऊन उभी राहायची, तिथे थोडा साठा असलेला बरा. सगळेच त्रिकोण शून्यावर आणायचे हे जे पुस्तकी खूळ आहे ना त्याच्या नादी लागू नका, कुठे ठेवायचा आणि किती ठेवायचा हे आपण ठरवलेलं असलं म्हणजे झालं. पैशाच्या भाषेत मालकांना असं सांगा, वाटेतला नग सरासरी ४० रुपयांचा धरला तर २८०० नग म्हणजे १ लाख १२ हजार रुपये जमिनीवरून उचलून बँकेत टाकले, एकाच पार्टचे. ‘लीड टाईम कमी झाला’ म्हटलं की मालक मान हलवतात आणि हा आकडा सांगितला की खुर्ची पुढे ओढतात.

ढीग परत वाढू नये म्हणून व्हीएमसीच्या पुढे पिवळ्या पट्ट्यानं चौकट आखली, चार डबे मावतील एवढीच. चौकट भरली की मागच्यानं ह्या पार्टचं काम थांबवायचं आणि दुसरा पार्ट लावायचा किंवा मशीन साफ करायचं. पहिले पंधरा दिवस ह्यावर रोज भांडणं झाली. मशीन उभं दिसलं की मालकांच्या पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे, मशीनचा हप्ता तेच भरतात. पण पुढचा खात नाही आणि मागचा वाढत राहतो ह्याला काय अर्थ आहे.

रिवर्कचं, म्हणजे नापास माल परत दुरुस्त करण्याचं, विसरू नका. प्रत्येक तपासणीच्या चौकोनाशी थांबून विचारा, ‘आणि नाही पास झालं तर?’ ऑडिटच्या पीएफडीत तिथे एक डायमंड असतो आणि ‘नाही’ चा बाण स्क्रॅपकडे जातो. खऱ्या आयुष्यात तो बाण खांबामागच्या एका टेबलाकडे जातो जिथे एक मुलगा कानस घेऊन बसलेला असतो, त्याचं नाव कुठल्याच चार्टवर नाही आणि तो सुट्टीवर गेला की डिस्पॅच बोंबलतं. त्याला मॅपवर आणा.

फर्स्ट पीस अप्रूव्हल, म्हणजे सेटिंगनंतरचा पहिला नग तपासून मंजूर करणं, तेही एकदा चालून बघा. शॉपचा ले-आऊट कागदावर काढा आणि ऑपरेटर पीस घेऊन जिथे जिथे जातो तिथून रेघ ओढत जा, ह्याला स्पॅगेटी डायग्राम म्हणतात, आपल्याकडे शेवयांचा वाडगा म्हणा हवं तर. माझ्या बघण्यात क्वालिटी रूम नेहमी एसीसाठी म्हणून टोकाला असते, माणूस पीस घेऊन जातो, तिथे दुसरा आधीच उभा, हा चहा घेऊन येतो, वीस-पंचवीस मिनिटं मशीन बंद. नेहमीचे चार गेज मशीनजवळ आणले की बरंचसं काम भागतं, सीएमएमला (अचूक मापं घेणाऱ्या मशीनला) जायचं तेवढंच आत जाऊ दे.

सुधारणा सुचवताना क्रम पाळा. आधी विचारा हे काढूनच टाकता येईल का, मग दोन कामं एकत्र होतील का, मग मागंपुढं करता येईल का, आणि सगळ्यात शेवटी ते सोपं किंवा फास्ट करता येईल का. आपण इंजिनिअर लोक शेवटच्यापासून सुरू करतो, ९५ सेकंदाचे ८८ कसे करू, नवीन इन्सर्ट (कटिंग टूलची पाती) आणू का. सात सेकंद वाचवले आणि पिन पुढे जाऊन तीन दिवस ढिगात बसली, कुणाचं भलं झालं?

एक धोक्याची सूचना, ही गंभीरपणे घ्या. गाडीचे वार, डब्याचा आकार, व्हॉट्सॲप ग्रुप हे तुम्ही तुमच्या पातळीवर बदलू शकता. पण ऑपरेशनचा क्रम बदलणं, मशीन बदलणं, प्लेटर बदलणं, हे पीपॅप झालेल्या पार्टसाठी कस्टमरला कळवल्याशिवाय आणि त्यांची मंजुरी घेतल्याशिवाय करायचं नाही, आणि केलं की पीएफडी, एफएमईए, कंट्रोल प्लॅन तिन्ही बदलायचे. उत्साहाच्या भरात डीबरिंग पुढे-मागे केलं आणि पुढच्या ऑडिटला मोठी एनसी (नियम मोडल्याची नोंद) खाल्ली असे लोक मला माहीत आहेत.

ऑफिसातली कामं असतील, म्हणजे इन्क्वायरी ते कोटेशन, ड्रॉइंग रिव्हिजन, परचेस ऑर्डर, तिथे डबा नसतो तेव्हा स्विमलेन काढा. आडव्या पट्ट्या, एका पट्टीत एक डिपार्टमेंट, आणि कागद जसा फिरतो तशी रेघ. चौकोन मोजू नका, रेघ पट्टी किती वेळा ओलांडते ते मोजा, दर ओलांडण्याला एक इनबॉक्स आणि एक ‘उद्या बघतो’ असतं. बीपीएमएन नावाची अजून एक चित्रभाषा आहे, तिची २.० आवृत्ती २०११ ची, पुढे आयएसओनं पण ती उचलली. ईआरपी किंवा ॲप बनवून घेणार असाल तर सॉफ्टवेअरवाले ती मागतील, तेव्हा शिका. शॉप फ्लोअरवर ती कुणाला वाचता येत नाही, आणि जे चित्र मामांना वाचता येत नाही ते माझ्या मते शॉपसाठी काढूच नये.

आठ दिवसांचं म्हणाल तर पुरतील. पहिल्या दिवशी पार्ट ठरवा आणि उलटं चालून या, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी, मग दोन-तीन दिवस सगळ्यात मोठ्या दोन त्रिकोणांशी जाऊन बसा आणि नुसतं बघा, सेकंड शिफ्टलाही एकदा थांबा कारण रात्रीची कंपनी वेगळीच असते. मग ब्राऊन पेपर शॉपमध्येच भिंतीला लावा, कॉन्फरन्स रूममध्ये नाही, आणि पेन्सिल दोरीनं बांधून ठेवा. लोक येऊन खोडतील, भांडतील, ‘हे असं नसतं’ म्हणतील. खोडू द्या. मालकांना तिथेच उभं करून दाखवा, दोन त्रिकोण, दोन उपाय, एक आकडा, बास.

आणि ज्या डब्याच्या मागे तुम्ही लागणार आहात त्याला लाल टेप लावा आणि मामांना, दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरना सांगून ठेवा की हा हलला तर मला फोन करा. माझा एक डबा असाच मधूनच गायब झाला होता, मी तीन दिवस प्रत्येक ट्रॉली उलटीपालटी करतोय, सिस्टीममध्ये तो प्लेटरकडे गेलेला दिसतोय, प्लेटर म्हणतोय आलाच नाही, शेवटी सापडला तो कॅन्टीनच्या मागे, उपडा, आणि त्यावर बसून दोघं डबा खात होते. दोनशे पिना मात्र शेजारी गोणीत नीट बांधून ठेवलेल्या.